सदरहू इसमास यादीत घ्यावे

संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या यच्चयावत व्यवहारांत, पाहणाऱ्याच्या कपाळावर एकही आठी उमटू नये इतका निरुपद्रवी असा जर कोणता व्यवहार असेल, तर तो खिडकीतल्या पांढऱ्या चौकोनी पेटीत आणखी एक नाव घालण्याचा होय. त्या धंद्यातली मंडळी ह्या पेटीला लिस्ट बॉक्स म्हणतात. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले, आणि विंडोजची एक साधी खिडकी उघडण्यासाठी ज्यांना तोवर सी भाषेत पानेच्या पाने लिहावी लागत होती त्यांच्या हाती ही पेटी आयती आली. ती फॉर्मवर ओढून ठेवायची, शेजारी एक टेक्स्ट बॉक्स आणि एक बटण मांडायचे, बटणाच्या पोटात ‘ॲड-आयटेम’ असे लिहून पुढे नाव द्यायचे, की काम फत्ते. कॉम्प्युटर क्लासात ही कवायत अगदी आरंभी होत असे, आणि आपण टंकलेले नाव बटण दाबताच टुणकन उडी मारून पेटीत जाऊन बसलेले पाहून विद्यार्थ्याला जो हर्ष होई, तसा पुढे नोकरीतल्या कोणत्याही बढतीने त्याला झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझे म्हणणे इतकेच, की ही पेटी दिसते तशी भोळी नाही. जुन्या मामलेदार कचेरीत बारनिशीच्या टेबलावर जो कारकून बसत असे, समोर आलेला कागद वाचण्याचे ज्याला प्रयोजन नव्हते पण त्यावर क्रमांक घालण्यात ज्याच्याकडून उभ्या हयातीत कसूर झाली नाही, आणि ज्याला ‘अहो, हा अर्जदार परवाच वारला’ असे सांगितले तरी ‘वारला असेल, अर्ज तर आला आहे ना?’ असे म्हणत जो शिक्का उचली, त्या कारकुनाचा आत्मा ह्या पेटीत वास करून आहे अशी माझी पक्की धारणा आहे. त्याच्या दृष्टीने सृष्टी अक्षरांच्या ओळींची बनलेली असते. त्या ओळीमागे कोणी हाडामांसाचा माणूस आहे किंवा नाही, ह्या चौकशीत तो पडत नाही. एकच नाव दोनदा दिले तर तो दोनदा दाखल करून घेतो, तिसऱ्यांदा दिले तर तिसऱ्यांदाही घेतो, कारण ‘हे आधी येऊन गेले आहे’ अशी हरकत घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. टेक्स्ट बॉक्स रिकामा ठेवून बटण दाबले तर कोरी ओळ दाखल होते. आणि ही कोरी ओळ इतर कोणत्याही सभासदाइतकीच मातब्बर असते, म्हणजे तिच्यावर टिचकी मारली असता ती निळीशार होऊन निवडली जाते, मोजदादीत धरली जाते, आणि पुढे यादी छापण्याचा हुकूम झाला तर अनुक्रमांकासह छापलीही जाते.

क्रमांकांच्या बाबतीत ह्या कचेरीचा शिरस्ता जगावेगळा आहे. आपल्याकडे वहीच्या माथ्यावर श्री घालून पहिली नोंद एकपासून करण्याची चाल. इथे पहिल्या नावाला शून्य हा क्रमांक मिळतो, त्यामुळे पेटीत पाच नावे असली तर पाचव्याचा क्रमांक चार, आणि पाच क्रमांकाचा इसम मागणाऱ्याला ‘असा कोणी दप्तरी नाही’ असे उत्तर. कोणतेच नाव निवडलेले नसताना निवडलेला क्रमांक कोणता असे विचारावे तर उत्तर येते उणे एक. खुद्द विंडोजच्या तळघरात, जिथे ही पेटी खरोखर राहते आणि जिथे तिच्याशी निरोप धाडूनच बोलावे लागते, तिथे तर नाव घालण्याचा निरोप फसला तर उणे एक आणि जागेअभावी फसला तर उणे दोन, अशी अपयशाचीही प्रतवारी लावून दिलेली आहे. ह्या शून्यापासूनच्या कारभाराची माणसाला सवय होते न होते, तोच व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत त्याची गाठ लिस्ट व्ह्यू नावाच्या, रकाने आणि चित्रे मिरवणाऱ्या थोरल्या पेटीशी पडते, आणि तिथली मोजणी मात्र एकपासून सुरू होते! एकाच कंपनीने एकाच फॉर्मवर मांडू दिलेल्या ह्या दोन टेबलांपैकी एकाने शून्यापासून आणि दुसऱ्याने एकपासून मोजावे हे ज्याला विक्षिप्त वाटते, त्याला आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही दोन सरकारी खात्यांत एकच कागद घेऊन जाण्याचा प्रसंग आलेला नसावा. विंडोज ९५ आणि ९८ ह्यांच्या अमदानीत पेटीत घालावयाच्या नावांना ३२,७६७ अशी मर्यादाही होती. एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याची मतदारयादी तिच्यात मावली नसती. पण तेवढी नावे एका पेटीत भरून तिच्यातून एक शोधून काढा असे सांगणारा प्रोग्रामर मतदाराच्या सहानुभूतीस पात्र नाही, हेही तितकेच खरे.

नावे अकारविल्हे लावून हवी असतील तर ‘सॉर्टेड’ हा गुणधर्म चालू करावा लागतो, आणि तोही फॉर्म आखतानाच. प्रोग्राम सुरू झाल्यावर मत बदलण्याची मुभा जुन्या व्हिज्युअल बेसिकने ठेवलेली नव्हती. हा हुकूम एकदा मिळाला की आपला कारकून प्रत्येक नव्या नावाला त्याची जागा शोधून देतो, आणि त्या कामी तो कोणाची भीडमुर्वत ठेवीत नाही. आकड्यांचीही ठेवीत नाही. सभासद क्रमांक घातले तर एकनंतर दहा, दहानंतर अकरा, आणि दोनचा नंबर एकोणीसच्या मागून लागतो, कारण त्याच्या लेखी ते आकडे नसून अक्षरेच असतात. मात्र ॲड-आयटेमला नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘ह्यांना अमुक जागी बसवा’ असे सुचवण्याची एक सोय आहे, आणि सॉर्टेड पेटीतही ती सोय वापरली तर तो अकारविल्हेची पर्वा न करता त्या इसमाला निमूटपणे सांगितल्या जागी नेऊन बसवतो. इथवर कोणाला नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु अशा एका वशिल्याच्या माणसामुळे क्रम बिघडला, की मागाहून रीतसर येणाऱ्यांनाही योग्य जागा मिळेलच असे नाही, हे त्या भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच नमूद करून ठेवलेले होते. वशिल्याच्या दूरगामी परिणामांचे इतके प्रांजळ निवेदन कोणत्याही कचेरीने आपण होऊन केल्याचे मला स्मरत नाही.

ह्याच सॉर्टेड पेटीत दुसरा एक नाजूक मामला आहे. प्रत्येक ओळीमागे ‘आयटेम-डेटा’ नावाचा एक झाकलेला कप्पा असतो, त्यात एक पूर्णांक मावतो, आणि सभासदाचे नाव पुढे दाखवून त्याचा खाते क्रमांक त्या कप्प्यात ठेवणे ही सुज्ञ लोकांची रीत. पण नाव अकारविल्हे कोठे जाऊन बसले हे आधी कळले पाहिजे, आणि ते कळावे म्हणून ‘न्यू-इंडेक्स’ नावाचा गुणधर्म ठेवलेला आहे. त्याची चौकशी न करता, नवे नाव शेवटीच गेले असणार अशा समजुतीने जो शेवटच्या ओळीच्या कप्प्यात क्रमांक टाकून मोकळा होतो, त्याच्या कृपेने बबनरावांचा खाते क्रमांक यादीच्या तळाशी असलेल्या हणमंतरावांच्या नावामागे जाऊन पडतो, आणि पडद्यावर मात्र सर्व आलबेल दिसते. अशा पद्धतीने किती बबनरावांनी किती हणमंतरावांचे हप्ते फेडले असतील, ते त्या त्या पतपेढीलाच ठाऊक.

पण अकारविल्हे म्हणजे कोणत्या अकाराने, हा प्रश्न खरा उभा राहिला तो मराठी नावांपुढे. विंडोज २००० येईपर्यंत विंडोजची आणि देवनागरीची रीतसर ओळखच झालेली नव्हती. आणि व्हिज्युअल बेसिक सहाची आपली पेटी तर त्यानंतरही, तिच्या हाती युनिकोडातले मराठी नाव दिले असता, एकामागून एक प्रश्नचिन्हे मांडून आपले अज्ञान प्रांजळपणे प्रकट करीत असे. ह्या अडचणीवर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा कौतुकास्पद होता. संगणकाला खुशाल इंग्रजी अक्षरेच द्यायची, पण फाँट असा घडवायचा की एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी दिसावी आणि डीच्या जागी क दिसावा. कृतिदेव हा त्यांतला सर्वपरिचित फाँट. त्यात पडद्यावर ‘विनायक’ असे दिसावे म्हणून संगणकाच्या स्मृतीत एफ, ओ, यू, के, अर्धविराम आणि डी अशी सहा चिन्हे ओळीने साठवली जात. डोळ्यांना विनायक दिसे, पण कारकून वाची ते पोटातले.

त्यामुळे सॉर्टेड पेटीत सभासदांची नावे घातली, की एक अपूर्व समाजरचना आकारास येई. कृतिदेवात य हा अर्धविरामाच्या कळीवर, आणि विरामचिन्हे अक्षरांच्या आधी. म्हणून यशवंत सर्वांच्या माथ्यावर. त्यानंतर बबन, मग केशव, मग माधव. नंतर लागे एफ. वेलांटी ही व्यंजनाआधी टंकण्याची पद्धत असल्याने विनायक, निळकंठ, शिवराम, दिनकर, किसन, गिरिजा अशी ज्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे ती सारी मंडळी आपापले वर्ग आणि वर्ण सोडून इथे एकत्र नांदत असत, आणि ह्या एकोप्याचे कारण पतपेढीत कोणालाही सांगता येत नसे. पुढे हरी, परशुराम, रामचंद्र, सदाशिव, दत्तात्रय, वसंत, तुकाराम, जनार्दन, नारायण. नारायणाच्या मागे अनंत. अनंताच्याही मागे, सर्व कार्यारंभी ज्याचे पूजन करावयाचे तो गणेश; आणि त्याच्या पाठीशी उभा राहायला एकटा लक्ष्मण. निरोपाच्या चौकटीला फाँट देण्याची सोय नसल्यामुळे आणखी एक विटंबना घडे, ती अशी की विनायकरावांचे नाव कमी करावयाचे काय अशी पृच्छा करताना संगणक त्यांचा उल्लेख ‘एफ-ओ-यू-के’ असा करी, आणि तसे विचारल्यावर कोण भला माणूस ‘होय’ म्हणणार?

शास्त्रशुद्ध वाट कोणी दाखवलीच नव्हती असे नाही. सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते, १९९१ चे इस्की हे मानक होते; त्यात अक्षरे उच्चारानुसार साठवली जातात, वेलांटी व्यंजनानंतरच येते, आणि विनायकराव वच्याच घरी सुखाने राहतात. परंतु कार्डाला पैसे पडत आणि फाँट मित्राच्या फ्लॉपीवर येई. पुढे युनिकोडने ह्या एफच्या वाड्यातल्या भाडेकरूंना आपापल्या घरी धाडले खरे. तरीही त्याच्या तक्त्यात ळ हा लच्या पाठीला पाठ लावून बसलेला आहे, आणि क्षला तर स्वतंत्र घरच नसून तो क, हलन्त आणि ष असा तिघांत विभागलेला आहे. तेव्हा नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर भिस्त ठेवून यादी लावली, तर आपल्या मुळाक्षरांत हनंतर येणारे क्षीरसागर आजही कौलगुडांच्या शेजारी बिऱ्हाड करतात.

२००२ साली डॉट नेट आले आणि पेटीचा मान वाढला. आता तिच्यात अक्षरांच्या ओळीऐवजी सबंध वस्तू, म्हणजे नाव, गाव, खाते, शिल्लक ह्यांसह अख्खा सभासद दाखल करता येऊ लागला. पेटी त्या सभासदाला एवढेच विचारते, की आपण स्वतःला काय म्हणवता. आणि प्रोग्रामरने त्याला उत्तर पढवून ठेवलेले नसेल, तर तो स्वतःचे नाव न सांगता आपल्या क्लासचे नाव सांगतो. मग पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच मजकूर: ‘विंडोज-ॲप्लिकेशन-वन डॉट मेंबर’, ‘विंडोज-ॲप्लिकेशन-वन डॉट मेंबर’, ‘विंडोज-ॲप्लिकेशन-वन डॉट मेंबर’. चेअरमनसाहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांस एका नावाने पुकारणारी इतकी निखळ समता सहकारी चळवळीला स्वबळावर कधी साधलेली नाही. ‘डिस्प्ले-मेंबर’ ह्या गुणधर्मात कोणता रकाना दाखवायचा ते लिहिले की समता संपुष्टात येते आणि नावे दिसू लागतात.

डॉट नेटमधली दुसरी सुधारणा मला अधिक मोलाची वाटते. पेटी एकदा ‘डेटा-सोर्स’द्वारे एखाद्या कोष्टकाला बांधली, आणि मग कोणी परस्पर तिच्यात नाव घालू गेला, तर ती साफ नकार देते: डेटा-सोर्स नेमलेला असताना यादीत फेरफार करता येणार नाही. जो कारकून जन्मभर कोरा कागदही परत करीत नव्हता, त्याने घेतलेली ही बहुधा पहिली हरकत असेल, आणि नवशिके प्रोग्रामर तिच्यावर चडफडतात. परंतु ती सोळा आणे रास्त आहे. दप्तर कोष्टकात आहे, पेटी त्याची केवळ नक्कल दाखवते, आणि नकलेवर खाडाखोड करून मूळ दस्तऐवज बदलत नसतो. तोवरची निम्मी भानगड झाली होती ती ह्यापायीच, की लोकांनी पेटीलाच दप्तर मानले, नावे तिच्यातच साठवली, आणि संध्याकाळी खिडकी बंद करताना तिच्यातून ओळी काढून फाइलीत लिहिल्या. मग पेटीत जो काही घोळ होई तो मुकाट्याने फाइलीतही जाई.

बाकी तिच्या लकबी किरकोळ आहेत. हजार नावे एकेक करून घातली तर ती प्रत्येक नावागणिक अंग चोरून थरथरते, म्हणून आधी ‘बिगिन-अपडेट’ म्हणून तिचे डोळे झाकावे आणि शेवटी ‘एंड-अपडेट’ म्हणून उघडावे. हे दुसरे विसरले तर आत नावे असूनही ती कोऱ्या चेहऱ्याने बसून राहते. आपल्यातली सर्वांत लांब ओळ किती लांब आहे ह्याचा तिला आपण होऊन अंदाज येत नाही, त्यामुळे आडवा सरकपट्टा मागून घेतल्याखेरीज कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या नावातला ‘मर्यादित’ हा शब्द पडद्यावर दिसत नाही. आणि तळाशी अर्धीच ओळ दिसणे तिला इतके अप्रतिष्ठेचे वाटते, की त्यापायी ती आपली उंची स्वतःहून कमी करून घेते. ह्या शेवटच्या गुणाबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे.

ह्या सर्वांत ज्याने प्रत्यक्ष माणसांना अधिक छळले, तो तिचा दोष मात्र फारच साधा आहे, आणि तो मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतपेढीत अगदी जवळून पाहिला. सभासद नोंदणीच्या फॉर्मवरच्या पेटीत मोजक्याच ओळी मावत, आणि त्या भरलेल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी नव्या सभासदाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे बिनचूक टंकले आणि ‘समाविष्ट करा’ हे बटण दाबले. नाव रीतसर दाखल झाले. पण सॉर्टेड नसलेली पेटी नवे नाव शेवटी घेते आणि आपण होऊन खाली सरकत नाही, त्यामुळे ते पेटीच्या तळाखाली, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी जाऊन बसले. बाईंनी पडदा न्याहाळला. पेटीतली नावे जशीच्या तशी, टेक्स्ट बॉक्समधले नावही जसेच्या तसे. त्यांनी पुन्हा बटण दाबले, चष्मा पुसला, आणि आणखी एकदा दाबले.

“भाऊसाहेब, कॉम्प्युटर नाव घेत नाहीये हो.”

“जोरात दाबा,” भाऊसाहेब आतून म्हणाले.

बाईंनी जोरात दाबले. मग भाऊसाहेब स्वतः उठून आले आणि व्यवस्थापकाला साजेशा अधिकाराने त्यांनीही दाबले. त्या पेटीतली नावे संध्याकाळी फाइलीत गेली, फाइलीवरून पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशींचा एक गठ्ठाच त्या नव्या सभासदाच्या घरी पोस्टमनने नेऊन टाकला. गृहस्थ कायद्याचे माहीतगार निघाले. सगळ्या नोटिशी हातात घेऊन ते सभेला आले आणि व्यासपीठासमोर उभे राहून त्यांनी अत्यंत विनयाने विचारले, की सहकारात एका सभासदास एकच मत असते हे आपणांस मान्य आहे. परंतु पतपेढीने आपणांस इतक्या वेळा सभासद करून घेतले असल्यास, ह्या बाबतीत संचालक मंडळाचा खुलासा काय आहे? खुलासा पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.

म्हणून पतपेढ्यांची, वाचनालयांची आणि गृहनिर्माण संस्थांची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. नाव पेटीत घातल्यावर टेक्स्ट बॉक्स रिकामा करावा, आणि पेटीच्या ‘टॉप-इंडेक्स’ला नुकत्याच घातलेल्या ओळीचा क्रमांक द्यावा, म्हणजे ती ओळ काउंटरवरच्या बाईंना दिसेल. दोन ओळींचे काम आहे.